खिडकीतून वॉर्डाकडे

प्रभादेवी स्टेशनवर सकाळी उतरणाऱ्या गर्दीत हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणारे एक्स-रेचे पाकीट घेतलेली माणसे चटकन ओळखू येतात. त्यांना पूर्वेकडे जायचे असते. रूळ ओलांडले की परळ, आणि परळला केईएम, टाटा मेमोरियल, वाडियाची दोन रुग्णालये. थोडे पुढे शिवडीचे क्षयरोग रुग्णालय, इकडे माहीमला हिंदुजा. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवी आणि परळ जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल वाहतुकीला बंद झाला तेव्हा नोकरदारांच्या हालांइतकीच चर्चा परळकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकांची झाली, ती उगाच नाही.

औषधनिर्मितीशीही या पट्ट्याचे नाते जुने. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. वरळीला ॲनी बेझंट रोडवर ग्लॅक्सो होती, मुंबई सेंट्रलला १९३५ पासून सिप्ला. कालिन्याचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ चे. मुंबईतले फार्मसीचे शिक्षण असे कारखान्याकडे तोंड करून वाढले. गोळी कशी दाबायची, किती मिनिटांत विरघळली पाहिजे, तिची शुद्धता कशी तपासायची, हे सगळे पोरांना येते. तीच गोळी वॉर्डातल्या बारा नंबरच्या खाटेवरच्या आजींना झेपेल का, हा प्रश्न मात्र बी.फार्म.च्या चार वर्षांत फार थोड्यांच्या वाट्याला येतो. त्यामुळे पदवी घेतलेला मुलगा एक तर कंपनीत जातो, नाही तर केमिस्टच्या काउंटरवर. रुग्णालयात गेलाच तर औषधाच्या खिडकीमागे बसतो आणि इंडेंट, स्टॉक, एक्सपायरी यांत त्याची वर्षे जातात.

खिडकीमागचे काम कमी दर्जाचे आहे असे कोणी समजू नये. औषध वेळेवर मिळाले नाही तर बाकीचे सगळे ज्ञान वाया. पण ज्यांना खिडकी सोडून वॉर्डात, डॉक्टरांच्या राउंडमध्ये उभे राहायचे आहे, त्यांना पदवीनंतरचे वेगळे शिक्षण लागते. जगभर त्याला रेसिडेन्सी म्हणतात. आपल्याकडे ती कोणत्या रूपात मिळते, आणि जिथे मिळत नाही तिथे स्वतःची कशी घडवायची, एवढ्यापुरता हा लेख आहे.

आधी मूळ कल्पना. परळचे केईएम १९२६ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी या फार्मासिस्टने पदवीधरांसाठी रुग्णालयातच राहून शिकण्याची सोय सुरू केली. १९४२ मध्ये रुग्णालयीन फार्मासिस्टांची संघटना उभी राहिली आणि साठच्या दशकात ती अशा प्रशिक्षणाला मान्यता देऊ लागली. आज तिथे पहिल्या टप्प्याची रेसिडेन्सी किमान ५२ आठवड्यांची असते. अतिदक्षता, कर्करोग, बालरोग अशा एखाद्या शाखेत शिरायचे असेल तर दुसरे वर्ष. उमेदवाराला पगार मिळतो, त्याच्यावर अनुभवी फार्मासिस्टची नजर असते आणि रुग्णाच्या औषधांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने त्याच्या अंगावर येते. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच तिला रेसिडेन्सी म्हणायचे. नुसती हजेरी भरली म्हणजे रेसिडेन्सी झाली असे नाही.

भारतात डॉक्टरांच्या एम.डी.सारखी देशपातळीवरची व्यवस्था फार्मासिस्टांसाठी नाही. मात्र दोन सरळ दरवाजे आहेत.

पहिला फार्म.डी.चा. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम आणला. बारावीनंतर केला तर सहा वर्षे, बी.फार्म.नंतर केला तर तीन. दोन्हींत शेवटचे पूर्ण वर्ष रुग्णालयात जाते, आणि नियमांतच त्याला ‘इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी’ असे नाव आहे. त्यातले सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये आणि प्रत्येकी दोन महिने इतर तीन शाखांत काढावे लागतात. कॉलेजला किमान ३०० खाटांचे रुग्णालय जोडलेले असणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे भारती विद्यापीठाचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी. त्याच विद्यापीठाचे भारती हॉस्पिटल हाताशी असल्याने कॉलेज आणि वॉर्ड एकाच संस्थेच्या छत्राखाली येतात.

दुसरा दरवाजा एम.फार्म.चा, ‘फार्मसी प्रॅक्टिस’ या शाखेचा, दोन वर्षांचा. या शाखेचा पाया आपल्याकडे नव्वदच्या दशकात म्हैसूर आणि उटीच्या जेएसएस कॉलेजांत घातला गेला, तोही ॲडिलेडच्या एका रुग्णालयातल्या फार्मासिस्टांच्या मदतीने. मोहाली आणि गुवाहाटीच्या नायपर संस्थांतही ही शाखा आहे. तिथे वेगळी प्रवेश परीक्षा असते. जीपॅट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त एम.फार्म.ला प्रवेश घेतला तर महिन्याला १२,४०० रुपयांची छात्रवृत्ती मिळते. ही परीक्षा २०२४ पासून वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाकडे आली आहे. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा मुद्दा हलका समजू नये. फार्म.डी.च्या शेवटच्या वर्षी स्टायपेंड मिळेलच याची खात्री नसते.

दोहोंत काय निवडावे? ज्याला खरोखर वॉर्डात काम करायचे आहे त्याने अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा त्याला जोडलेले रुग्णालय पाहावे. कॉलेज एका टोकाला, करारापुरते रुग्णालय दुसऱ्या टोकाला आणि दोन्हींमध्ये आठवड्यातून एक बस, अशा ठिकाणचे फार्म.डी. घेण्यापेक्षा रोज राउंड मिळणारे एम.फार्म. केव्हाही बरे.

आता वॉर्डात नेमके काय करायचे असते ते एका उदाहरणावरून पाहू. ६८ वर्षांच्या आजी, वजन ४८ किलो, खोकला आणि तापासाठी दाखल. चार्टवर लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम रोज. रक्तातले क्रिएटिनिन १.२. प्रयोगशाळेच्या कागदावर या आकड्यासमोर बहुतेक वेळा लाल खूणही नसते, त्यामुळे नजर पुढे सरकते. शिकाऊ फार्मासिस्टने इथे थांबायचे आणि १९७६ चे कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे सूत्र मांडायचे. १४० मधून वय वजा केले की उरतात ७२. त्याला वजनाने गुणले की ३४५६. भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे ८६.४. उत्तर ४०. रुग्ण स्त्री असल्याने ०.८५ ने गुणायचे, आले ३४. म्हणजे आजींच्या मूत्रपिंडांची औषध गाळण्याची क्षमता मिनिटाला अवघी ३४ मिलिलिटर. वीस ते एकोणपन्नासच्या दरम्यान हा आकडा असेल तर तोच ७५० चा डोस ४८ तासांनी एकदा द्यायचा असतो.

इथेच काम संपत नाही. चार्टवर खाली सुक्राल्फेटचे सिरप आहे आणि सिस्टरांनी दोन्ही औषधे सकाळी आठला लिहिली आहेत. सुक्राल्फेटमधले ॲल्युमिनियम या अँटिबायोटिकला पोटातच धरून ठेवते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर हवे. तिसरी गोष्ट मुंबईत तरी विसरून चालत नाही. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर आधी थुंकीची तपासणी झाली का ते विचारायचे, कारण ही अँटिबायोटिक क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबते आणि निदान लांबते. एका ओळीच्या औषधातून तीन प्रश्न निघाले. (अर्थात हा हिशेब वॉर्डातल्यांसाठी आहे. घरी बसून कोणी आपला डोस बदलू नये.)

हिशेब जमला तरी तो सांगायचा कसा, यात निम्मी रेसिडेन्सी असते. दुपारी दोनला उपाशीपोटी धावपळ करणाऱ्या हाऊसमनला ‘तुमचा डोस चुकलाय’ म्हटले की तो कायमचा दुरावतो. ‘डॉक्टर, बारा नंबरच्या आजींचं क्लिअरन्स चौतीस येतंय. लिव्हो दिवसाआड करायचं का? सुक्राल्फेट मी सिस्टरांशी बोलून दहाला करून घेतो,’ एवढे पुरे. रुग्ण, आकडा आणि तयार तोडगा दोन श्वासांत. डॉक्टरने नाही म्हटले तर कारण विचारावे. पुष्कळदा त्याच्याकडे असे काही असते जे चार्टवर आलेले नसते.

प्रभादेवीच्या आसपास राहणाऱ्या उमेदवाराला शाखा निवडताना फार दूर पाहायला नको. गावातच सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे डायलिसिस केंद्र आहे. डायलिसिसवरच्या रुग्णाचा दिवस मशीनच्या वेळेवर चालतो आणि औषधांचाही चालायला हवा. नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे गॅबापेन्टिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड बंद पडले की औषध साचते, माणूस पेंगतो, हातपाय झटके देतात आणि घरच्यांना वाटते आजार वाढला. उलट मशीन तेच औषध धुऊन काढते, म्हणून डायलिसिसच्या दिवशीचा डोस मशीन उतरल्यावर द्यावा लागतो. हे समजावून सांगणारा फार्मासिस्ट अशा केंद्रात हवाच.

क्षयरोगाचा विषय तर याच भागाने जगापुढे मांडला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुरुवातीला सगळ्या तपासलेल्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले आणि एकच खळबळ उडाली. आज औषधप्रतिरोधी क्षयाच्या रुग्णांना बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे दिली जातात. तिन्ही औषधे हृदयाच्या ईसीजीतला क्यूटी नावाचा काळ लांबवतात. त्यात उलटी होते म्हणून कोणी ऑन्डान्सेट्रॉन वाढवले की भर पडते. ऑन्डान्सेट्रॉन इतके रोजचे औषध आहे की ते लिहिताना कोणाचा हात थबकत नाही. तो थांबवणारा माणूस म्हणून फार्मासिस्टचा उपयोग.

आणि टाटा मेमोरियल. कर्करोगाच्या औषधांत चुकीला जागाच नसते. कार्बोप्लॅटिनचा डोस वजनावर ठरत नाही, मूत्रपिंडाच्या क्षमतेवर ठरतो. ठरलेले लक्ष्य पाच असेल आणि क्षमता साठ, तर साठात पंचवीस मिळवायचे आणि पाच गुणिले पंच्याऐंशी, म्हणजे ४२५ मिलिग्रॅम. क्षमता चाळीसवर आली की ३२५. सूत्रातला तो पंचवीसचा आकडा विसरलेला उमेदवार मुलाखतीत हमखास अडकतो. व्हिन्क्रिस्टिन हे औषध शिरेतूनच द्यायचे असते. चुकून पाठीच्या कण्यातून गेले तर रुग्ण बहुतेक दगावतोच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ते सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या छोट्या पिशवीत पातळ करून देण्याची सूचना केली. पिशवी कोणी पाठीला लावत नाही, एवढा साधा विचार. तज्ज्ञ फार्मासिस्टचे मोठे काम असे साधेच असते.

कर्करोग आणि संधिवात या दोन्हींत वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट हे आणखी एक. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. रुग्ण रोजच्या गोळ्यांच्या सवयीने तेही रोज घेतो आणि आठवड्याभरात ‘तोंड आलंय, पाणीसुद्धा गिळवत नाही’ म्हणत परत येतो. कोणी त्याला बी-कॉम्प्लेक्स देते. फार्मासिस्टने त्या वेळी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजायला हव्यात. ही वेळच येऊ नये म्हणून पाकिटावर ‘फक्त सोमवारी’ असे वार घालून लिहावे, फॉलिक ॲसिडचा वार वेगळा लिहावा, आणि निघण्यापूर्वी रुग्णाकडून ते परत वदवून घ्यावे. ‘कळलं ना?’ विचारले की सगळे मान हलवतात.

जागा निवडताना, अर्ज करण्याच्याही आधी, उमेदवाराने रुग्णालयात एक चक्कर मारून काही गोष्टी विचारून घ्याव्यात. राउंडला कोणत्या युनिटबरोबर जायला मिळणार? रोज की आठवड्यातून एकदा? केस पेपर आणि तपासण्यांचे निकाल स्वतः पाहण्याची परवानगी आहे का? लॉगबुकवर सही कोणाची, आणि तो माणूस स्वतः वॉर्डात जातो का? हल्ली एनएबीएच या गुणवत्ता मंडळाच्या मान्यतेसाठी रुग्णालयांना प्रिस्क्रिप्शन ऑडिट करावे लागते, जोखमीच्या औषधांची यादी लागते, दिसायला किंवा ऐकायला सारखी औषधे वेगळी ठेवावी लागतात. या कामामुळेच खासगी रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टच्या जागा निघू लागल्या, हे चांगलेच. पण शिकाऊ मुलामुलींना वर्षभर तपासणी पथकासाठी फायली भरायला बसवण्याचीही सोय त्यातूनच झाली. ‘मागच्या तुकडीतल्या कोणाशी बोलता येईल का?’ हा प्रश्न विचारला की खरे काय ते पाच मिनिटांत कळते.

जिथे अशी ठरलेली जागा मिळत नाही, तिथे आहे त्या नोकरीतच रेसिडेन्सी घडवता येते. रुग्णालयाच्या फार्मसीत काम करणाऱ्याने वरिष्ठांच्या लेखी परवानगीने आठवड्यातले ठरावीक तास एका वॉर्डासाठी मागून घ्यावेत. एकच वॉर्ड, निदान तीन महिने. रोज पाच चार्ट नीट पाहावेत, पन्नास नकोत. प्रत्येक हस्तक्षेपाची नोंद ठेवावी. काय आढळले, कोणाला सांगितले, मानले की नाही, पुढे काय झाले. रुग्णाचे नाव, केस नंबर लिहू नये आणि केस पेपरचा मोबाइलवर फोटो तर अजिबात काढू नये. अशी वर्षभराची वही मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद हे स्वतःहून सुरू करता येणारे दुसरे काम. देशाचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगात आहे आणि केईएम हे त्याचे मुंबईतले एक नोंदणी केंद्र. फार्मासिस्ट, परिचारिका, कोणीही फॉर्म भरू शकते. १८००-१८०-३०२४ हा क्रमांकही त्यासाठीच आहे. त्याच केईएममध्ये रक्तातली औषधाची पातळी मोजून डोस ठरवण्याचे काम क्लिनिकल फार्माकोलॉजी विभाग अनेक वर्षे करतो आहे, विशेषतः फिट्सच्या औषधांसाठी. तिथे हे काम एम.डी. झालेले डॉक्टर करतात. परदेशांत त्यातला बराच वाटा फार्मासिस्ट उचलतो. इथेही उचलता येईल, पण त्यासाठी आधी तशी पदे हवीत.

पदांची कथा जरा रखडलेलीच आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले आणि २०२१ च्या दुरुस्तीने क्लिनिकल फार्मासिस्ट या पदाला स्थान दिले. सरकारी आणि पालिकेच्या भरतीत मात्र अजून डी.फार्म. किंवा बी.फार्म.वर आधारलेले औषधनिर्मात्याचेच पद सहसा दिसते. सरकारी नोकरीच्या आशेने फार्म.डी. करणाऱ्याने हे आधीच जाणून असावे. नोकरी कुठलीही असो, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी आधी झाली पाहिजे. कौन्सिलचे कार्यालय मुलुंडला आहे आणि तिथे औषध माहिती केंद्रही चालते. वॉर्डात अडलेल्या प्रश्नासाठी त्याचा उपयोग करून घ्यावा.

परदेशाचे वेध लागलेल्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेत २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला समकक्षता परीक्षेला बसायचे तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांचे बी.फार्म. तिथे चालत नाही, फार्म.डी. चालते. त्यानंतर इंग्रजीची परीक्षा, राज्याचा परवाना आणि मग रेसिडेन्सीची मॅच नावाची निवड, जिचे निकाल मार्चमध्ये लागतात. बरीच रुग्णालये परदेशी उमेदवाराच्या व्हिसाची जबाबदारी घेत नाहीत, हे एजंट सांगत नाही. ब्रिटनमध्ये वर्षभराची ओस्पॅप ही पदविका, मग ५२ आठवड्यांचे पायाभूत प्रशिक्षण आणि नोंदणीची परीक्षा. इथेच राहून आंतरराष्ट्रीय शिक्का हवा असेल तर अमेरिकेच्या फार्मसी स्पेशालिटी मंडळाची औषधोपचार तज्ज्ञाची परीक्षा आहे. रेसिडेन्सी नसेल तर त्यासाठी तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यातला निदान निम्मा वेळ रुग्णांच्या औषधोपचारातला असावा लागतो. वर सांगितलेली वही त्या वेळीही कामी येते.

डी.फार्म.वर थांबलेल्यांनाही वाट आहे. दुकानात किंवा रुग्णालयात चार वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत फार्मासिस्टसाठी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१४ च्या नियमांनी ‘बी.फार्म. प्रॅक्टिस’ हा नोकरी सांभाळून करता येणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला. प्रवेशापूर्वी कॉलेजला त्याची चालू वर्षाची मान्यता आहे का, ते कौन्सिलच्या यादीत पाहून घ्यावे आणि अनुभवाचा दाखला मालकाकडून तारखांसह लिहून घ्यावा. नोंदणी क्रमांक नसलेल्या काळातला अनुभव पुढे करून फारसे काही साधत नाही.